एकाच तळ्यातले अहीर, वेगवेगळी पक्वता: मृगाआधीची तपासणी

दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी किंवा घटप्रभेतले अहीर (सापासारखे लांब ईल मासे) ज्यांनी शेततळ्यात (कृषी होंडात) सोडले आहेत, त्यांनी मृग लागण्याआधी ते एकदा बाहेर काढून एकेक पाहावेत. पाठीवर काट्यांची रांग असलेली वाम इथे धरलेली नाही. ती गोड्या पाण्यातच अंडी घालते. अहीर नदीत वाढतो, पण अंडी घालायला समुद्र गाठतो. पिल्लांच्या आशेने जोड्या राखून ठेवणं म्हणजे नुसता खाद्याचा खर्च.

रोहू-कटल्याचा अनुभव इथे चालत नाही. तिथे तयार मादीला संध्याकाळी इंजेक्शन दिलं की पहाटेपर्यंत काम होतं. अहिराचा मेंदू मात्र डोपामिन या रसायनाच्या जोरावर प्रजननाची संप्रेरकं दाबून धरतो. प्रयोगशाळेत मादीला दर आठवड्याला माशांच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचावा लागतो. तरी एकाच मापाच्या माद्यांत एखादी दहा-बारा आठवड्यांत तयार होते, दुसरीला वीस लागतात, तिसरी शेवटपर्यंत दाद देत नाही. जपानमध्ये अशा रीतीने अळ्या १९७३ मध्ये मिळाल्या, पण प्रयोगशाळेतच वाढलेल्या अहिरांपासून पुढची पिढी मिळायला २०१० उजाडलं.

म्हणून वजन किंवा तळ्यात किती वर्षं झाली यावरून पक्वता ठरवू नका. डोळा, छातीचे पर (पोहायचे पंख) आणि पोटाचा रंग बघा. वाढीतला अहीर पिवळट-तपकिरी असतो. समुद्राकडे निघायच्या तयारीतल्याची पाठ काळसर, पोट चंदेरी, पर लांब व गडद होतात आणि डोळे मोठे होतात. डोळ्याची आडवी व उभी रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हींच्या बेरजेला ४ ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला ३.१४ ने गुणा, माशाच्या मिलिमीटरमधल्या लांबीने भागून १०० ने गुणा. लांबी ७०० आणि डोळा ८ बाय ८ असेल तर उत्तर ७.२ येतं, तेवढ्याच लांबीचा पण ७ बाय ६.६ डोळ्याचा अहीर ५.२ वरच राहतो. युरोपातल्या अहिरासाठी ६.५ ही रेघ धरतात. आपल्याकडच्या जातीला ती जशीच्या तशी लावू नये. तळ्यातले मासे आपसांत तोलायला मात्र हा आकडा चांगला.

धरताना राख लावायची सवय सोडा. राखेने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागाहून बुरशी धरते. ओलं गोणपाट घ्या, डोकं झाका, माप सावलीत उरका.

चंदेरी झालेला अहीर खाणं सोडतो, त्याचं आतडं आक्रसतं. तो आजारी समजून तळ्यात औषध ओतू नका. दाटीत वाढलेल्यांत नर जास्त निघतात, नर माद्यांपेक्षा बरेच लहान असतानाच चंदेरी होतात आणि मग वाढत नाहीत. म्हणजे सगळ्यात मोठा अहीर अजून वर्षानुवर्षं खाईल आणि हातभर लांबीचा यंदाच थांबेल, असं सर्रास होतं. अशा थांबलेल्यावर खाद्य वाया घालवू नका.

पळून जाणारेही हेच. पाणी चढलेल्या अंधाऱ्या रात्री ते सांडव्याकडे धावतात आणि ओल्या बांधावरून सरपटतात. सांडव्याला सपाट जाळी नको. पालापाचोळ्याने ती तुंबली की पाणी बांधावरून जातं, अहीरही. सेंटीमीटरभर छिद्राच्या जाळीचा पेटीसारखा पिंजरा बसवा, रोज सकाळी साफ करा.

चंदेरी अहीर सोडून द्यायचा असेल तर ज्या नदीतून आणला तिथेच, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असताना सोडा. कृष्णेकडे पुढे हिप्परगी, आलमट्टी, नारायणपूर ही धरणं आडवी येतात, त्यामुळे वाट अवघडच. खानापूरकडून म्हादईत उतरणाऱ्या ओढ्यातला असेल तर समुद्र बराच जवळ.

उरलेले पिवळे अहीर मापाप्रमाणे दोन-तीन गटांत वेगळे करूनच परत सोडा. मोठा लहानाला गिळतो.