बीटा पेशीतलं केएटीपी चॅनेल: अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि इन्सुलिन स्रवतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मधली साखळीही बहुतेकांची पाठ असते. ग्लुकोज स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत शिरतं, ग्लुकोकायनेज हे एन्झाइम त्यावर पहिली प्रक्रिया करतं, मायटोकॉन्ड्रियात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं, त्यामुळे केएटीपी हे पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीपटलातली पोटॅशियमची वाट, बंद होतं. पेशीपटलाचा विभव (आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक) उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तो शून्याकडे सरकतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुटिका, म्हणजे ते साठवलेल्या बारीक पिशव्या, बाहेर रित्या होतात. परीक्षेला एवढं पुरतं. संशोधनात उतरायचं असेल तर मात्र प्रत्येक बाणापाशी थांबून विचारायचं, हे मोजलं कसं?

मला हा विषय कळायला लागला तो पॅच क्लॅम्पचे आलेख बघताना. काचेच्या अतिशय बारीक नळीचं तोंड पेशीपटलावर टेकवून हलकेच ओढ दिली की पटलाचा इवलासा तुकडा तिथे घट्ट बसतो. त्यातून वाहणारा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजायचा. पडद्यावरची रेघ अचानक एक पायरी घेते, थरथरते, परत मूळ जागी येते. ती पायरी म्हणजे एक चॅनेल उघडून मिटलं! मग पेशीभोवतीच्या द्रावात ग्लुकोज वाढवलं की हळूहळू पायऱ्या विरळ होत जातात. आता नीट बघा, नळीखालच्या तुकड्याला बाहेरून ते ग्लुकोज लागतच नाही, कारण कडेने जोड पक्का आहे. म्हणजे निरोप पेशीच्या आतून, चयापचयातून आला. १९८४ साली फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते हेच. त्याच वर्षी कुक आणि हेल्स यांनी पटलाचा तुकडा पेशीपासून सुटा केला आणि त्याच्या आतल्या बाजूला थेट एटीपी देऊन चॅनेल बंद होताना पाहिलं. हे दोन्ही शोधनिबंध लहान आहेत, शेजारी ठेवून वाचा. हृदयाच्या स्नायूत असं चॅनेल नोमा यांना १९८३ मध्येच सापडलं होतं.

इथून पुढे खरी गंमत आहे. सुट्या तुकड्यात अर्धी चॅनेल बंद करायला साधारण १० मायक्रोमोलर एटीपी पुरतं. पेशीत ते मिलिमोलरमध्ये असतं, शेकडो पटींनी जास्त. मग उपाशी असतानाही चॅनेल बंदच राहायला हवं ना? उत्तर एका कारणात मावत नाही. मॅग्नेशियमसह आलेलं एडीपी (एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू) चॅनेलला उघडायला लावतं, पटलातलं पीआयपी२ नावाचं मेद एटीपीची पकड सैल करतं. शिवाय थोडीच चॅनेल उघडी असली तरी ती विभव खाली धरून ठेवतात, त्यामुळे त्यांतली आणखी काही मिटली की फरक लगेच जाणवतो. म्हणून माझा आग्रह असा: कुठलाही आकडा वाचताना द्रावात मॅग्नेशियम होतं का आणि तुकडा सुटा होता की पेशीला जोडलेला, हे आधी तपासा.

रचना लवकर समजते. केआयआर ६.२ या प्रथिनाचे चार भाग मिळून मधलं छिद्र, भोवती एसयूआर१ या दुसऱ्या प्रथिनाचे चार. दोन्हींची जनुकं १९९५ मध्ये हाती आली. सल्फोनिलयुरिया गटाची मधुमेहाची औषधं एसयूआर१ ला चिकटून चॅनेल बंद करतात.

ही माहिती रुग्णापर्यंत पोचली तो भाग मला फार मोलाचा वाटतो. वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या काही बाळांत केआयआर ६.२ च्या जनुकात बदल असतो, हे २००४ मध्ये कळलं. त्यांचं चॅनेल एटीपीला दाद देत नाही, उघडंच राहतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन थांबवून त्यांना सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या देता आल्या. उलट बिघाडात चॅनेल बंदच राहतं आणि बाळाची साखर धोकादायक खाली जाते.

शेवटी एक प्रयोग जरूर समजून घ्या. डायझॉक्साइड या औषधाने चॅनेल उघडं धरायचं आणि बाहेरचं पोटॅशियम वाढवून कॅल्शियम आत येऊ द्यायचं. आता चॅनेल मिटण्याचा प्रश्नच नाही. तरीही ग्लुकोज वाढवलं की इन्सुलिन वाढतं. म्हणजे चयापचयाकडून पुटिकांकडे जाणारी आणखी एक वाट आहे, आणि तिच्यावरून निरोप नेमका कोण नेतं यावर अजून एकमत झालेलं नाही.