एकोणीस वर्षं शिकवून झाल्यावर ऑनलाइन कोर्स कसा करावा

हायस्कूलच्या वरच्या वर्गांना कॉम्प्युटर सायन्स शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. मध्यंतरी एका सुट्टीत हौसेने पाच ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवलं. त्यातला एक खास अनुभवी शिक्षकांसाठी होता म्हणे. त्याने पहिले दोन तास मला व्हेरिएबल म्हणजे काय ते समजावलं. डबा असतो, डब्यावर नाव असतं, वगैरे. मी व्हिडिओ दीडपट वेगाने लावून कपड्यांच्या घड्या घातल्या. सर्टिफिकेट आलं, वर्गात काडीचा फरक पडला नाही.

तेव्हापासून मी उलटीकडून सुरुवात करते. आधी वर्गातली अडचण, मग कोर्स.

अडचण ‘मुलांना लूप जमत नाही’ इतकी मोघम नको. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घ्या आणि एकच चुकीचं उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवा. माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे: क = ५, मग ख = क, मग क = ९. आता ख किती? उत्तर ५, पण बऱ्याच जणांनी ९ लिहिलं होतं. वर्षानुवर्षं मी त्यावर लाल फुली मारून ‘लक्ष नसतं यांचं’ म्हणत आले. वहीत उतरवल्यावर ट्यूब पेटली. ही मुलं आदल्या वर्षी स्प्रेडशीट शिकून आलेली. तिथे एका खान्यात ‘बरोबर क’ असं सूत्र घातलं की क बदलताच तो खानाही बदलतो. मुलं तिथला नियम इथे लावत होती.

अशी एक ओळ हातात असली की कोर्स निवडणं सोपं जातं. नवीन विषय शिकायचा असेल तर हार्वर्डचा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा सीएस५० आहेच, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट करता येतो. पण आपण जुने लोक तिकडेच पळतो, कारण कोड लिहिणं आपल्याला आवडतं. वरच्या अडचणीला शिकवण्याच्या रीतीवरचा कोर्स लागतो. शोधताना ‘मिसकन्सेप्शन’ (म्हणजे मुलांची चुकीची समजूत), ‘पार्सन्स प्रॉब्लेम’, ‘प्रिम’ हे शब्द घाला; शेवटच्या दोन्हींबद्दल पुढे सांगते. अभ्यासक्रमाच्या पानावर यांतला एकही दिसला नाही तर मी पुढे जाते. दुसरी चाचणी म्हणजे स्वाध्याय. ‘हे तुमच्या वर्गात करून बघा आणि काय झालं ते लिहा’ असं एक तरी काम हवं. नुसत्या पर्यायी प्रश्नांच्या क्विझ असतील तर वेळ वाया.

कोर्स पहिल्या धड्यापासून करू नका. प्रत्येक भागाची क्विझ आधी सोडवा, जमली की तो भाग सोडा. अपराधी वाटतं, पण चालतं.

आठवड्यातला एक ऑफ तास ठरवा, त्यात एक गोष्ट शिका आणि त्याच आठवड्यात वर्गात करा. पार्सन्स प्रॉब्लेम मी असाच केला. २००६ साली न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी मांडलेला हा प्रकार: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या, मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. माझा पहिला प्रयत्न साफ फसला. कागदाच्या पट्ट्यांवर मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओळी इंडेंटेशनसकट, म्हणजे डावीकडे सोडलेल्या जागेसकट, छापल्या होत्या. मुलांनी कोड वाचलाच नाही. समास बघून जिगसॉसारखा जुळवला, चार मिनिटांत. पुढच्या वेळी सगळ्या ओळी डावीकडे चिकटवून दिल्या आणि एक चुकीची ओळ जास्तीची घातली. मग खरी भांडणं सुरू झाली.

प्रिम म्हणजे प्रेडिक्ट, रन, इन्व्हेस्टिगेट, मॉडिफाय, मेक; स्यू सेंटन्स यांच्या कामातून आलेली पद्धत. यातला पहिला टप्पा आपण घाईत खातो. रन करण्याआधी अंदाज कागदावर, पेनाने. पेन्सिल दिली की मुलं नंतर खोडतात.

शाळेत कॉम्प्युटरचे तुम्ही एकटेच असाल तर कोर्समधला एक जोडीदार धरा आणि मुलांच्या उत्तरांचे फोटो एकमेकांना पाठवा, नावं कापून. माझ्या जोडीदाराने एकदा सहज विचारलं, ‘लिस्ट आली की काय करतेस?’ मी गप्प. कारण क मध्ये लिस्ट, म्हणजे आकड्यांची यादी, असेल, ख = क केलं आणि क मध्ये एक आकडा जोडला, तर पायथनमध्ये ख मध्येही तो दिसतोच. डब्याचं उदाहरण इथे फुटतं. नाव म्हणजे डबा नव्हे, वस्तूला लावलेली चिठ्ठी. इथे एकाच लिस्टला दोन चिठ्ठ्या. आता मी हे फिलिप गुओ यांच्या पायथन ट्यूटरवर, म्हणजे प्रोग्रॅम एकेक पायरीने चित्रात दाखवणाऱ्या साइटवर, बाणांनी दाखवते.

दोनेक आठवड्यांनी तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या. मी यंदा दिला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, क मध्ये आकडा आहे की लिस्ट?”