फळांच्या सायडरचे आंबणे केव्हा आणि कसे थांबवावे

इंग्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदांचा हंगाम आला की घरी सायडर (सफरचंदाच्या रसाचे आंबवलेले मद्य) करणाऱ्यांची लगबग सुरू होते, आणि त्यात रास्पबेरी किंवा ब्लॅकबेरी घालणाऱ्याला ते थोडे गोडच राहावे असे वाटते. त्यामुळे हायड्रोमीटर (पाण्याची घनता १.००० धरून द्रवाची घनता दाखवणारे उपकरण; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) १.०१० दाखवू लागताच आंबणे रोखण्याची घाई होते. जोमात चाललेले आंबणे असे अर्ध्यावर रोखू नये, असे माझे ठाम मत आहे. १.०१० ला लिटरमागे सुमारे २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर शिल्लक असते, आणि बाटलीबंद केल्यावर ती आंबली तर निर्माण होणारा वायू बिअरच्या साध्या बाटलीला पेलत नाही. माझी एक बाटली अशीच कपाटात फुटली होती आणि दाराच्या आतल्या बाजूस रुतलेले काचेचे तुकडे मला चिमट्याने उपसावे लागले होते.

म्हणून सायडर आधी पूर्ण आंबू द्यावे. पहिला जोर ओसरल्यावर फळे घालावीत. त्यांच्यातील साखरेने आंबणे पुन्हा उसळते, ते शमू द्यावे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली तीन मापे १.००० च्या आसपास किंवा त्याखाली एकसारखी आली, म्हणजे साखर संपली असे समजावे. मग गाळ न ढवळता नळीने सायडर दुसऱ्या भांड्यात काढून ते आठवडाभर ० ते ४ अंश सेल्सिअसला ठेवावे. थंडीने यीस्ट मरत नाही, केवळ तळाशी बसते. त्यामुळे सायडर पुन्हा एकदा गाळावरून काढून घ्यावे.

आता ४.५ लिटरला कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी पूड करून आणि १ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट थोड्या पाण्यात विरघळवून मिसळावे. सॉर्बेट चमच्याने न मोजता काट्यावर तोलावे. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ रोखते, म्हणूनच आधी यीस्ट कमी करण्याचा एवढा खटाटोप. गोळीतील सल्फाइटही वगळू नये, कारण काही जिवाणू सॉर्बेटवर पोसले की सायडरला जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा वास येतो आणि तो पुन्हा जात नाही. एक दिवस थांबून साखर किंवा फळांचा रस चवीप्रमाणे घालावा, आणि आठवडाभर एअरलॉकवर (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) नजर ठेवून, बुडबुडे येत नाहीत हे पाहूनच बाटल्या भराव्यात. दम्याच्या रुग्णाला प्याला देण्यापूर्वी त्यात सल्फाइट असल्याचे आवर्जून सांगावे.

असे सायडर बिनफेसाचे राहते. गोडही हवे आणि फेसाळही हवे, तर सॉर्बेट व सल्फाइट न घालता गोड करून बाटल्या भराव्यात. सोबत प्लास्टिकची एक बाटली भरून रोज दाबून पाहावी. ती कडक झाली की त्याच दिवशी काचेच्या बाटल्या गरम पाण्यात, तळाशी फडके अंथरून, हळूहळू तापवाव्यात आणि आतले तापमान ६५ अंशांवर १० मिनिटे राखावे. तापमान कळण्यासाठी पाणी भरलेल्या एका उघड्या बाटलीत थर्मामीटर ठेवावा. उशीर झाला असेल, म्हणजे थंड बाटली उघडताच सायडर उसळून बाहेर येत असेल, तर बाकीच्या बाटल्या मुळीच तापवू नयेत. जाड हातमोजे व चष्मा घालून त्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि पुरत्या गार झाल्यावर एकेक करून उघडाव्यात.