बालवाडीच्या नोकरीसाठी कामाची फाइल
फाइल वीसेक पानांची पुरे. आधी एकपानी बायोडेटा, मग प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. मूळ प्रती वेगळ्या ठेवा. खरं वजन उपक्रमांचं. तीन-चारच घ्या, पण प्रत्येकाचं टाचण (उपक्रम कसा घ्यायचा याचं लेखी नियोजन), साहित्य, मुलांचं वय आणि नंतरची नोंद हवीच. ‘मुलांना मजा आली’ ही नोंद नव्हे. ‘४ वर्षांच्या मुलीने ५ चिंचोके मोजताना एक चिंचोका दोनदा मोजला, दुसऱ्या दिवशी मी तिला मोजलेला प्रत्येक चिंचोका वाटीत टाकायला सांगितला’ असं लिहा. यातून तुमचं निरीक्षण दिसतं आणि त्यावर काय केलंत तेही. उपक्रम पायाभूत स्तराच्या (३ ते ८ वर्षं) २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातल्या विकासक्षेत्रांशी, म्हणजे शारीरिक, भाषिक, बौद्धिक अशा वाढीच्या अंगांशी जोडा. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांचे फोटो लावू नका. चित्रांवरची नावंही झाका. इंटरनेटवरून उतरवलेली टाचणं मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडी पडतात.