गच्चीवर मृग शोधण्याचा खेळ: मुलांना तारे असे शिकवा

मुलांना तारे शिकवायचे म्हटलं की लोक आधी दुर्बीण घेतात, नाहीतर मोबाइलवर ॲप उतरवतात. दोन्ही बाजूला ठेवा. दुर्बिणीतून आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो, मृगासारखं अख्खं नक्षत्र नाही. आणि ॲप तारा दाखवतं तेव्हा पोरगं मोबाइलकडे बघत असतं. आणखी एक सल्ला हमखास मिळतो, पहिल्याच वेळी पुण्याबाहेर अंधारात, पानशेतला न्या. नका नेऊ. तिथे इतके तारे दिसतात की नवखं मूल गोंधळतं. पुण्याच्या उजेडात फक्त ठळक तारे उरतात, सुरुवातीला तेच सोयीचं. सोसायटीची गच्ची पुरे, फक्त तिथला दिवा बंद करून घ्या.

पत्ते बनवा. अप्पा बळवंत चौकातून काळा कार्डशीट आणा, पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा, तारानकाशा वर ठेवून दाभणाने भोकं पाडा. ठळक ताऱ्याला मोठं भोक. मृग, वृषभ, शर्मिष्ठा, सप्तर्षी, वृश्चिक, एवढे पाच बस. नकाशा ज्या बाजूला होता तीच बाजू मुलाकडे यायला हवी, नाहीतर आकृती उलटी दिसते. त्या बाजूच्या कोपऱ्यात खूण करा.

घरात खेळा. टॉर्चसमोर पत्ता धरायचा, जो आधी ओळखेल त्याला एक चिंचोका. मात्र पत्ता दर वेळी वेगळा फिरवून धरा: आडवा, तिरका, पार उलटा. याचा उपयोग पुढे कळेल.

आता गच्चीवर. इथे बहुतेकांचं घोडं अडतं, माझंही अडलं होतं. घरात पटापट नावं सांगणारी मुलं वर बघतात आणि गप्प होतात. याला कारणं तीन, आणि तिन्हींवर वेगवेगळा इलाज लागतो.

पहिलं, दिशा. खडूने गच्चीवर मोठा मृग काढून मुलांना एकेका ताऱ्यावर उभं करा, असं बरेच जण सांगतात. फोटो छान येतात, शिकणं उलटं होतं. जमिनीच्या नकाशात उत्तर वर धरली की पूर्व उजवीकडे येते. आकाशाच्या नकाशात ती डावीकडे असते, कारण आपण तो खालून बघतो. म्हणून पत्ता कधीही जमिनीवर ठेवायचा नाही. सतरंजी अंथरा, मुलांना उत्तरेला डोकं करून उताणं झोपवा आणि पत्ता डोळ्यांवर आडवा धरायला सांगा, वरची कड उत्तरेला. (उत्तरेला डोकं करू नये म्हणणाऱ्या आजीला आधीच कल्पना द्या.) टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे क्षणात बिघडतात आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटं जातात.

दुसरं, आकार. मूल पत्त्याएवढा मृग शोधत असतं. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, म्हणून हिशेब तोच. मृगातल्या दोन ठळक ताऱ्यांमधलं, तांबूस काक्षी ते निळसर राजन्य हे अंतर जवळजवळ दोन मुठी. हे एकदा मोजून घेतलं की मुलं आपोआप मोठं बघायला लागतात. ध्रुवही पुण्यातून क्षितिजापासून दोन मुठींहून जरा कमीच उंचीवर दिसतो, कारण पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास आहे. उत्तरेला समोर इमारत असेल तर त्याचा नाद सोडा.

तिसरं, कल. डिसेंबरात रात्री आठला मृग पूर्वेला असतो आणि पोटातला तीन ताऱ्यांचा बाण जवळजवळ उभा दिसतो. फेब्रुवारीत त्याच वेळी मृग दक्षिणेला बराच वर येतो, एप्रिलमध्ये पश्चिमेला कलतो आणि बाण आडवा होत जातो. पत्ते फिरवून खेळलेल्या मुलांना हे खटकत नाही. उताणं झोपायचं ते फेब्रुवारीत; डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये मृगाकडे तोंड करून पत्ता समोर धरा, आकृती जुळेपर्यंत फिरवा.

चिंचोके वाटा. बाण सापडला की एक. बाणाची रेघ एका बाजूला दोन-सव्वादोन मुठी लांबवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा; त्याचे दोन. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर नारिंगी रोहिणी, तिचे तीन. रोहिणीच्या पुढे दीड मुठीवर कृत्तिकांचा पुंजका शोधणाऱ्याला पाच. बोट दाखवून "तो बघ" चालणार नाही, मुठी मोजूनच सांगायचं.

तांबडा तारा जास्त तापलेला का, असं कुणीतरी विचारेलच. उलट आहे: काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३५०० केल्विन, निळसर राजन्यचं १२००० च्या आसपास.

पहिल्या रात्री एवढंच, पाऊण तासात खाली या. सप्तर्षींचा पत्ता मे महिन्याच्या सुट्टीत काढा. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती आणि त्यापुढे चित्रा. चिंचोके तेच चालतील.