जुना मित्र ऑनलाइन शोधताय? आधी तो तोच आहे का ते बघा

पूर्ण नाव, अंदाजे वय, शेवटचं माहीत असलेलं गाव, शाळा-कॉलेज किंवा ऑफिस. एवढं कागदावर उतरवलं की सुरुवात करा.

आधी फुकटातले मार्ग संपवा. गूगलवर नाव अवतरणचिन्हांत टाका, सोबत गाव किंवा कॉलेज. मग फेसबुक, लिंक्डइन. आडनाव बदललेलं असू शकतं, तेव्हा दोन्ही आडनावं बघा. इंग्रजी स्पेलिंगचेही सगळे प्रकार घालून पाहा; 'दीक्षित' कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के-एस-एच. नाव फारच सर्रास असेल तर त्याच्या भावाबहिणींपैकी ज्याचं नाव सहसा न आढळणारं आहे त्याला शोधा. फेसबुकवर मोबाइल नंबर टाकून माणूस शोधायची सोय २०१८ मध्येच बंद झाली, तरी तो सल्ला अजून फिरतोय.

पीपल सर्च साइट्स, म्हणजे पैसे घेऊन एखाद्या माणसाच्या माहितीचा रिपोर्ट देणाऱ्या साइट्स, त्यानंतर. यातल्या बहुतेक नावाजलेल्या साइट्सचा भर अमेरिकेतल्या नोंदींवर असतो. तुमचा माणूस तिथे कधी राहिलाच नसेल तर पैसे वाया. घेतलीच वर्गणी तर आपोआप होणारं नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा. मी एकदा विसरलो आणि चार महिने कार्डावरून पैसे जात राहिले.

आता खरी गोम. मी हॉस्टेलमधल्या एका मित्राला शोधत होतो. रिपोर्टमध्ये नाव जुळलं, गाव जुळलं, वय जुळलं. त्याचे वडील गेल्याचं मधल्या काळात कानावर आलं होतं, म्हणून सांत्वनाचा लांबलचक मेसेज पाठवला. उत्तर आलं, 'माझे वडील आतल्या खोलीत पेपर वाचतायत. आपण कोण?'

असं का होतं? या साइट्स सरकारी नोंदी, जुने पत्ते, मार्केटिंगच्या याद्या एकत्र करतात आणि नाव-वय-पत्त्यावरून त्या एकमेकांना जोडतात. एकाच गावातले दोन नामसाधर्म्यवाले सहज एक होऊन जातात. 'संभाव्य नातेवाईक' म्हणून दाखवलेला माणूस कधीतरी त्याच पत्त्यावर राहून गेलेला भाडेकरूही निघतो. माहितीच्या अचूकतेची काळजी न घेता ती नोकरभरतीसाठी विकल्याच्या आरोपावरून स्पोकिओ या अशाच एका अमेरिकन साइटला २०१२ मध्ये ८ लाख डॉलर भरावे लागले होते. म्हणून एकाच रिपोर्टमधल्या तीन गोष्टी जुळल्या तरी तो पुरावा एकच धरा. दुसरा पुरावा वेगळ्या ठिकाणचा हवा: लिंक्डइनवरचं कॉलेज, जुना ग्रुप फोटो, दोघांच्या ओळखीचा कुणी. फोटो पडताळताना केस आणि वजन विसरा. कान आणि हनुवटी बघा. फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये तो फोटो टाका, म्हणजे तो दुसऱ्याच कुणाचा उचललेला असेल तर बहुधा कळेल. आणि रिपोर्टमधल्या नंबरवर थेट फोन लावू नका. बंद झालेले नंबर दुसऱ्याला दिले जातात. अमेरिकेत त्यासाठी ४५ दिवस पुरतात.

मग मेसेज. चार ओळींचा. तुम्ही कोण, कुठली ओळख, आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत असेल. उत्तर स्वतःच देऊन बसू नका. 'आपण गच्चीवरून पाण्याची टाकी फोडली होती, आठवतं का?' असं विचारलंत तर कुठलाही भामटा 'हो, आठवतं की!' म्हणेल. 'माणूस चुकला असेल तर माफ करा' हेही लिहा. त्याच्या वडलांचा, लग्नाचा, नोकरीचा विषय पहिल्या मेसेजात नको, हे मी वेगळं सांगायला नको.

फेसबुकवर अनोळखी माणसाचे मेसेज वेगळ्या 'रिक्वेस्ट'मध्ये जाऊन पडतात, महिनोन्महिने कुणी बघत नाही. दोनेक महिन्यांनी एकदा आठवण करून द्या, मग थांबा. पत्ता हाती आहे म्हणून दारात जाऊन उभं राहायचं नाही आणि नातेवाइकांकडून नंबर काढायचा नाही. काही माणसं हरवलेली नसतात, ती मुद्दाम लांब गेलेली असतात.

हॉस्टेलवाल्या मित्राला, म्हणजे खऱ्या, मी विचारलं होतं, 'गच्चीवरून आपण काय पाडलं होतं?' सात महिन्यांनी उत्तर आलं. दोनच शब्द: 'वॉर्डनची सायकल.'