तलावातला गाळ शेतात नेताय? या चुका टाळा

'गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार' योजनेत अत्यल्प आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान आहे. मर्यादा एकरी १५,००० आणि अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपये, हे २०२३ च्या शासन निर्णयातले आकडे. बहुभूधारकांना गाळ मिळतो, पण वाहतूक स्वखर्चाने.

ब्रास आणि घनमीटर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ट्रॅक्टरवाला भाडं ब्रासवर सांगतो, अनुदान घनमीटरवर येतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. त्या हिशेबाने ब्रासमागे १०१ रुपयेच हाती पडतात आणि एकरी मर्यादा १४८ ब्रासच्या आसपास संपते. पुढची प्रत्येक खेप खिशातून. शिवाय खोदलेला गाळ फुगतो, त्यामुळे ट्रॉल्यांची बेरीज आणि खड्ड्याचं मोजमाप कधीच जुळत नाही. मोजणी कशावर धरणार, हे पहिली ट्रॉली भरण्याआधीच अभियंत्याकडून समजून घ्या. खेपांची तारीखवार नोंद ठेवा. मागणी अर्ज मंजूर होण्याआधी उचललेल्या गाळावर अनुदानाची आशा धरू नका.

जमीन न पाहता गाळ टाकणं

१४८ ब्रास एकरभर पसरले की साधारण चार इंचांचा थर होतो. मुरमाड, हलक्या रानाला तेवढा पुरे. भारी काळ्या रानात मात्र चिकण गाळ टाकू नका. निचरा आणखी बिघडतो आणि पावसाळ्यात पिकं पिवळी पडतात. गाळाचा नमुना माती परीक्षणाला द्या, सामू (pH) आणि क्षारता बघा. खारवट गाळ फुकट मिळाला तरी नको. ढीग तसेच ठेवले तर पहिल्या पावसात ढेकळांचा चिखल होतो. उन्हाळ्यातच पसरा, वाळू द्या, ढेकळं फोडा आणि मग मातीत मिसळा.

तळाशी मुरूम लागला तरी खोदणं

गाळ संपून मुरूम दिसला की पोकलेन थांबलाच पाहिजे. तळाचा थर फुटला तर तलाव गळतो. भिंतीच्या पायथ्याशी खोदणं तर थेट भिंतीच्या जिवावर येतं, म्हणून अभियंत्याने आखलेली हद्द ओलांडू देऊ नका. या योजनेत वाळू काढायला बंदी आहे. काठाची पाणवनस्पती मासे आणि पाखरांचा निवारा असते, ती खरवडू नका.

वरच्या शिवारात बांधबंदिस्ती आणि समतल चर (उताराला आडवे खोदलेले चर) नसतील तर तलाव पुन्हा गाळाने भरतो; त्या कामांची मागणी ग्रामसभेत याच वर्षी नोंदवा.